पाऊण तोळ्याचा प्रश्न : शिकारी बाणाच्या पात्याचा इतिहास

जमशेदपुरात राहणाऱ्या माणसाला धनुष्यबाणाची नवलाई सांगायला नको. दलमाच्या पायथ्याच्या गावांतून संथाळ, हो, मुंडा घरांत धनुष्य असतेच. दर उन्हाळ्यात सेंद्रासाठी डोंगरावर जाणारी मंडळी आणि 'शिकार करू नका' म्हणून त्यांना विनवणारे वनखाते, या बातम्याही आपल्या सवयीच्या झाल्या आहेत. दुसरीकडे १९९६ साली सुरू झालेली टाटा तिरंदाजी अकादमी आहे, जिथून निघालेली मुलेमुली ऑलिंपिकपर्यंत पोचली. एक बाण लोहाराने ठोकलेल्या पात्याचा, दुसरा पेन्सिलीसारख्या निमुळत्या टोकाचा. हा दुसरा बाण कागदाला भोक पाडण्यापुरता असतो, त्याला कापायचे काही नसते.

या दोहोंच्या मधला एक तिसरा बाण मात्र आपल्याकडे दिसत नाही. तो अमेरिकेतल्या हौशी शिकाऱ्याचा. त्याची दांडी अकादमीतल्या बाणासारखी कारखान्यात बनलेली आणि पाते आदिवासी बाणासारखे रुंद, धारदार. या पात्याचे वजन किती असावे, यावर तिकडे गेली शंभर वर्षे वाद चालू आहे. माझी सगळी नोकरी पोलादात गेली. त्यामुळे एवढ्याशा पोलादावर एवढी चर्चा का, हे कुतूहल मला गप्प बसू देईना. या लेखाचे कारण एवढेच.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत शिकारीचे काय काम, असे आमच्या काही वहिनी विचारतील आणि त्यांचे विचारणे रास्तच आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचे नाव घेऊन उल्लेख आहे. ती बंदी योग्य आहे असेच माझे मत. पण इतिहास म्हणून ही हकिकत वाचण्यासारखी आहे. वजनाच्या या वादात बहुतेक वेळ बोलणारे धनुष्याबद्दल, वेगाबद्दल, दुकानातल्या मालाबद्दल बोलतात. ज्याच्या अंगात ते पाते शिरणार त्या प्राण्याचा विचार क्वचितच कोणी करते. ज्यांनी केला, त्यांचीच ही गोष्ट आहे.

आधी वजनाचे माप समजून घेऊ. बाणाचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. हे ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो. भाच्याकडे विस्कॉन्सिनला गेलो होतो तेव्हा त्याच्या शेजाऱ्याने गॅरेजमधला छोटा काटा मला दाखवला. एकेक पाते त्यावर ठेवून तो आकडा लिहून घेत होता. मला थेट आपल्या सराफाची आठवण झाली, आणि ती आठवण काही उगीच नव्हती. कंपनी सरकारने १८३३ साली तोळ्याचे वजन पक्के केले ते १८० ग्रेनवर, आणि रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. आपल्या जुन्या हिशेबात तोळ्याचे १२ मासे आणि माशाच्या ८ गुंजा. म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा आणि एक गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त.

आता पात्यांची वजने पाहा. अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारी पाती १०० आणि १२५ ग्रेनची. १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅम, आपल्या भाषेत साडेसहा माशांच्या थोडे वर. १२५ ग्रेन म्हणजे सुमारे ८ ग्रॅम, पाऊण तोळ्याला थोडे कमी. आईच्या हातातल्या जुन्या अंगठीएवढे वजन! वाद आहे तो एवढ्यावरच आणि याच्या दुप्पट-तिप्पट करायचे की नाही यावर.

आपल्या जुन्या धनुर्वेदाच्या ग्रंथांत पात्यांचे आकार मोठ्या तपशिलाने येतात. आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत अशी नावे वासिष्ठ धनुर्वेदात आहेत, आणि कोणते पाते कशासाठी तेही सांगितले आहे. कवच भेदायला सुईसारखे, कापायला वस्तऱ्यासारखे. संपूर्ण लोखंडी बाणाला 'नाराच' हे वेगळेच नाव होते. आकारावरून काम ठरते ही जाण पक्की होती.

इंग्लंडातही तेच. तिथल्या १४०६ च्या सुमाराच्या एका कायद्याने बाणाच्या पात्याच्या टोकाला पोलाद हवे, ते कडक केलेले हवे आणि त्यावर कारागिराची खूण हवी असे बंधन घातले. आपला लोहार ज्याला 'पाणी देणे' म्हणतो, त्याची सक्ती राजाने केली! त्यांच्या बाणांचे खरे नमुने मिळाले ते समुद्राच्या तळातून. १५४५ साली बुडालेले 'मेरी रोझ' हे जहाज १९८२ मध्ये वर काढले. त्यात हजारो बाण सापडले, दांड्या शाबूत होत्या, पण लोखंडी पाती जवळजवळ सगळी गंजून नाहीशी झाली होती. ज्या वजनाबद्दल आपण बोलतो आहोत, नेमके तेच खाऱ्या पाण्याने गिळले. गंमत म्हणजे धनुर्विद्येचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या त्या देशात आज बाणाने शिकार करायला कायद्याने बंदी आहे.

आधुनिक शिकारी बाणाची कथा मात्र इंग्लंडात नाही, कॅलिफोर्नियात सुरू होते. आणि ती सुरू होते एका फार दुःखी माणसापासून.

२९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात एक उपाशी, थकलेला मूळनिवासी माणूस सापडला. तो याही जमातीचा होता. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी १८६० च्या दशकात त्याच्या लोकांच्या कत्तली केल्या होत्या. वाचलेली मूठभर माणसे डोंगरदऱ्यांत लपून राहिली आणि एकेक करून गेली. हा शेवटचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ अल्फ्रेड क्रोबर आणि टॉमस वॉटरमन यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणले. आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगायची त्याच्या जमातीत रीत नव्हती, आणि त्याचे नाव घेणारे दुसरे कोणी उरले नव्हते. क्रोबरने त्याला 'इशी' म्हटले. त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ 'माणूस' असा होतो.

संग्रहालयाला लागूनच विद्यापीठाचे रुग्णालय होते. तिथले शल्यविशारद डॉक्टर सॅक्स्टन पोप इशीला तपासायला आले आणि त्याचे दोस्त झाले. पोपना हातचलाखीचे खेळ येत, त्याचे इशीला फार कौतुक. इशी धनुष्य, बाण, पाती सगळे स्वतः बनवी. हरणाच्या शिंगाच्या नाहीतर लोखंडाच्या टोकदार अवजाराने दाब देऊन ज्वालामुखीच्या काचेच्या, म्हणजे ऑब्सिडियनच्या, कपच्या उडवत तो पाते घडवी. शहरात आल्यावर त्याला बाटल्यांची काच सापडली. बिअरची तपकिरी, औषधाच्या बाटलीची निळी, यांचीही त्याने देखणी पाती केली. त्याच्या धनुष्याची ओढ जेमतेम चाळीस-पंचेचाळीस पौंड. एवढ्या हलक्या धनुष्याने त्याची जमात हरणे मारून जगत होती, कारण ते अगदी जवळ जाऊन नेम धरत. चुंबन घेतल्यासारखा आवाज काढून तो सशाला जवळ बोलावी.

पोप डॉक्टर होते, पण मनाने प्रयोगशाळेतले. इशी २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने गेला. (त्याच्या इच्छेविरुद्ध त्याचे शवविच्छेदन झाले. त्याचा मेंदू काढून स्मिथसोनियन संस्थेत पाठवला गेला आणि तो थेट २००० साली त्याच्या आप्तजमातींकडे परत आला. विज्ञानाच्या नावाखाली काय काय खपते!) पोपनी मात्र मित्राकडून शिकलेली विद्या सोडली नाही. शिकवणारा गेल्यावर त्यांनी ती मोजून पाहायला घेतली.

त्यांचा एक प्रयोग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. बाजू उघड्या असलेल्या एका खोक्यावर त्यांनी हरणाचे ताजे कातडे ताणले आणि आत गाईचे काळीज भरले. प्राण्याच्या शरीराइतका विरोध बाणाला व्हावा, एवढाच हेतू. मग दहा यार्डांवरून एक बाण पोलादी पात्याचा आणि एक ऑब्सिडियनच्या पात्याचा मारला. अपेक्षा काय? पोलाद जिंकणार. प्रत्यक्षात ऑब्सिडियनचा बाण स्पष्टपणे जास्त खोल गेला. ऑब्सिडियनची घनता पोलादाच्या एक तृतीयांशही नसते, म्हणजे तेवढ्याच आकाराचे पाते पोलादाहून कितीतरी हलके. तरीही ते पुढे गेले, कारण त्या काचेच्या धारेपुढे पोलादाची धार बोथटच म्हणायची. वजनाच्या वादाचे पहिले उत्तर १९२० च्या आसपास असे आले, की आधी धार पाहा.

पोपनी स्वतःसाठी मात्र पोलादच निवडले. दगडाचे किंवा काचेचे पाते हाडावर आपटले की तुटते. शिवाय इंग्लिश पद्धतीचे लांब, पाऊणशे पौंडांच्या ओढीचे धनुष्य ते वापरत, त्याला तितकेच दणकट पाते हवे होते. पोलादी बाणाची ताकद दाखवणारा त्यांचा दुसरा प्रयोग मोठा मजेदार आहे. दमास्कसला पंधराव्या शतकात बनलेले, २५ पौंड वजनाचे साखळी चिलखत त्यांनी संग्रहालयातून मागून आणले. एक कर्मचारी म्हणाला, 'मी घालतो, माझ्यावर मारा!' पोपनी नको म्हटले आणि चिलखत लाकडी खोक्यावर चढवले. सात यार्डांवरून सुईसारख्या टोकाचा बाण सोडला, तेव्हा कड्यांतून भट्टीसारख्या ठिणग्या उडाल्या. बाण चिलखत भेदून लाकडात शिरला आणि पलीकडच्या बाजूला चिलखताला फुगवटा आला. त्या कर्मचाऱ्याचा चेहरा हिरवट पडला, असे पोपनी लिहून ठेवले आहे.

१९२३ साली पोप यांचे 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो' हे पुस्तक आले. बाणाने शिकार करणारी अमेरिकेतली सगळी पुढची पिढी या पुस्तकावर वाढली. १९२० मध्ये त्यांनी आणि त्यांचे सोबती आर्ट यंग यांनी एका विज्ञानसंस्थेच्या संग्रहासाठी यलोस्टोनमध्ये ग्रिझली अस्वले बाणांनी मारली. १९२५ मध्ये ते आफ्रिकेत सिंहांमागे गेले, तेव्हा मात्र बंदूकधारी सोबती पाठीशी होते. आजच्या नजरेने हे वाचताना अवघडल्यासारखे होते, ते लपवण्यात अर्थ नाही. पोप १९२६ साली वारले.

आर्ट यंगने अलास्कातील शिकारीवर एक चित्रपट काढला होता. तो १९२७ मध्ये डेट्रॉइटला फ्रेड बेअर नावाच्या तरुणाने पाहिला, आणि त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने दोन परगण्यांत फक्त धनुष्यबाणाने हरणांची शिकार करायचा हंगाम जाहीर केला. हळूहळू इतर राज्ये त्या वाटेने गेली. आता पाती घरी ठोकून भागेना, कारखाने हवे झाले. फ्रेड बेअरने १९५६ मध्ये 'रेझरहेड' नावाचे पाते बाजारात आणले. दोन बाजूंचे मुख्य पाते कानशीने परजायचे आणि त्यात आडवे, पातळ, दाढीच्या ब्लेडसारखे दुसरे पाते सरकवायचे. धारेचे महत्त्व पोपनी दाखवले होते, बेअरने ती धार दुकानात विकायला ठेवली.

याच काळात हॉवर्ड हिल नावाचा धनुर्धर गाजत होता. १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटातले नेम त्याचेच. त्याने राक्षसी ओढीच्या धनुष्याने आणि लांबलचक जड बाणांनी आफ्रिकेत हत्ती मारला. आपल्या स्मरणिकेत याविषयी अधिक न लिहिणेच बरे!

मग धनुष्यच बदलले. मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ च्या डिसेंबरात एका नव्या धनुष्याचे पेटंट मिळाले. त्यांनी धनुष्याच्या टोकांना विकेंद्री चाके बसवली, म्हणजे आस मध्यावर नसलेली. दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार एकदम कमी होतो, आणि सोडली की बाण पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने सुटतो. याला कंपाउंड धनुष्य म्हणतात. मोटारींची जाहिरात अश्वशक्तीवर होते तशी धनुष्यांची जाहिरात आता वेगावर होऊ लागली. सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, हा मानाचा आकडा झाला. वेग वाढवायचा सोपा उपाय म्हणजे बाण हलका करणे. लाकडी दांडीच्या जागी ॲल्युमिनियम आले होतेच, पुढे कार्बन आला. पात्यांचेही वजन उतरत १०० आणि काही वेळा ८५ ग्रेनपर्यंत आले.

यात सगळा मूर्खपणाच होता असे नाही, हे मुद्दाम सांगतो. थोडे गणित करू. एकाच धनुष्यातून सुटणाऱ्या हलक्या आणि जड बाणाला मिळणारी ऊर्जा जवळजवळ सारखी असते. समजा ४०० ग्रेनचा बाण सेकंदाला २८० फूट वेगाने जातो. तेवढ्याच ऊर्जेत ६०० ग्रेनचा बाण २२९ फूट वेगाने जाईल. तीस यार्डांवर, हवेचा विरोध सोडून दिला तर, पहिला बाण नेमरेषेखाली २० इंच पडतो आणि दुसरा ३० इंच. अंतराचा अंदाज थोडा चुकला की जड बाणाचा नेम जास्त चुकतो. आणि नेम चुकणे म्हणजे हरणाच्या पोटात बाण, तासन्‌तास मरण. दुसरी गोष्ट, दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचतो. तीस यार्डांवरच्या हरणाला आवाज ऐकल्यापासून बाण पोचेपर्यंत पाव सेकंद मिळतो. दचकलेले हरिण उडी मारण्यासाठी आधी खाली दबते आणि बाण पाठीवरून जातो. वेगाचे वेड असे नुसतेच वेड नव्हते.

पण त्याच उदाहरणाची दुसरी बाजू पाहा. दीडपट वजनाचा तो जड बाण १८ टक्के हळू जातो, तरी त्याचा संवेग २२ टक्के जास्त असतो. हाडात, स्नायूत घुसताना हा संवेग कामाला येतो. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते, बाण कापून रक्त वाहवून मारतो. दोन्ही फुफ्फुसांतून पाते आरपार गेले तर हरिण काही सेकंदांत, बहुधा शंभरेक मीटरच्या आत कोसळते. आत जायला एक आणि बाहेर पडायला एक अशी दोन भोके पडली, तर रक्ताचा माग स्पष्ट असतो आणि जनावर सापडते. हलका बाण खांद्याच्या हाडात अडकून राहिला तर हरिण पात्यासकट पळून जाते. ते सापडत नाही, आणि कधी मेले, मेले की नाही, हे कोणालाच कळत नाही.

हा प्रश्न थेट प्राण्यावर तपासण्याचे काम पुन्हा झाले ते १९८० च्या दशकात, दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात. बाणाने शिकारीला परवानगी द्यावी का, हा तिथला प्रश्न होता. डॉक्टर एड ॲशबी या अमेरिकन शिकाऱ्याने बाण, पाते, जनावर, लागलेली जागा, खोली आणि हाडाचे काय झाले याच्या नोंदी ठेवल्या. पुढे ऑस्ट्रेलियात रानटी म्हशींच्या ताज्या मृत शरीरांवर त्यांनी वर्षानुवर्षे चाचण्या केल्या. पोपचे काळजाचे खोके आता पूर्ण जनावर झाले.

ॲशबींच्या यादीत वजन पहिले नाही, हे लोक विसरतात. पहिली अट अशी, की बाण आणि पाते मोडता-वाकता कामा नये. दुसरी, बाण डगमग न करता सरळ उडाला पाहिजे. धार आणि पात्याचा आकार यांनाही तिथे मोठे महत्त्व आहे. वजन खरे बोलते ते जाड हाड लागल्यावर. पूर्ण बाण साधारण ६५० ग्रेनच्या, म्हणजे साडेतीन तोळ्यांच्या, वर गेला की हाड फोडून पलीकडे जाण्याचे प्रमाण एकदम वाढते, असे त्यांना आढळले. त्यांनी सुचवलेले पाते अरुंद, लांबट, दोनच धारांचे, आणि धार सुताराच्या पटाशीसारखी एकाच अंगाने काढलेली. असे पाते शिरताना स्वतःभोवती फिरते आणि हाड पिळून तडकवते.

इथे पोलादवाल्याला राहवत नाही. पाणी जास्त कडक दिले तर धार काचेसारखी तुटते, कमी दिले तर टोक मुडपते. १०० ग्रेनमध्ये तीन पाती, मधला गाभा आणि आटे बसवायचे तर प्रत्येक पत्रा पातळच होणार. २०० ग्रेन दिले की कारागिराला जाडी ठेवायला जागा मिळते. ॲशबींच्या आकड्यांइतकेच मला हे कारण पटते. जड पाते चांगले ठरते यात वजनाचा वाटा आहेच, पण त्यात मजबुतीला वाव मिळतो हे जास्त महत्त्वाचे. ज्यांना पातळ पत्र्याच्या पात्यावर शिशाचे वजन चढवून तोच लाभ मिळेल असे वाटते, त्यांनी एकदा भट्टीवर येऊन बसावे.

आणखी एक अडचण नवशिक्यांना चकवते. नुसते पाते बदलून भागत नाही. दोरी सुटताच मागून धक्का बसतो आणि बाणाची दांडी धनुष्याला वळसा घालत माशासारखी वाकते. बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात वेगवान कॅमेऱ्याने हे टिपून दाखवले. टोकाला वजन वाढले की दांडी जास्त वाकते. मग तीच दांडी 'मऊ' पडते, बाण तिरका उडतो, आणि तिरका उडणारा बाण तिरकाच लागतो, त्याची निम्मी शक्ती आडवी वाया जाते. १०० च्या जागी २०० ग्रेनचे पाते लावायचे तर दांडीही ताठ निवडावी लागते. वजन पुढे गेले की तोलबिंदू पुढे सरकतो, मागची पिसे बाणाला लवकर सरळ करतात, हा फायदा आहे. पण तो दांडी जुळली तरच.

ॲशबींवर टीकाही झाली. म्हशीसाठी काढलेले नियम साठ-सत्तर किलोच्या शेपटीपांढऱ्या हरणाला कशाला, हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. हरणाची फासळी पातळ, तिथे १०० ग्रेनचे रुंद पातेही आरपार जाते आणि मोठी जखम करते. १९९० च्या दशकात लेसरने अंतर मोजणारी छोटी दुर्बीण आली आणि जड बाण खाली पडण्याची भीती बरीच कमी झाली. हरणाचे दचकणे मात्र कोणत्याही यंत्राने थांबलेले नाही. आज दुकानात १०० ग्रेनची घडीची पाती आणि ३०० ग्रेनची, म्हणजे एक तोळा आठ माशांची, एकधारी पाती शेजारी शेजारी टांगलेली दिसतात. विस्कॉन्सिनच्या त्या शेजाऱ्याचे म्हणणे असे, की हरणासाठी १२५ आणि एल्कसाठी, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या जनावरासाठी, २०० च्या वर. मला त्याचा हिशेब समंजस वाटला.

एक योगायोग सांगतो. आपला वन्यजीव कायदा ज्या १९७२ साली झाला, त्याच वर्षी अमेरिकेने धनुष्यबाणांच्या सामानावर ११ टक्के अबकारी कर बसवायचे ठरवले. बंदुकांवरचा तसा कर १९३७ पासून होताच. हा पैसा वन्यजीव आणि त्यांची राने राखण्यासाठी राज्यांना जातो. दोन देशांनी एकाच वर्षी एकाच काळजीपोटी अगदी उलट्या वाटा धरल्या. तिकडचे नियम बारकाईचे आहेत. धनुष्याची किमान ओढ किती, पात्याची किमान रुंदी किती (बऱ्याच ठिकाणी इंचाचा सात-अष्टमांश), मागे ओढताना मांसात अडकणारे काटे पात्याला नसावेत, हे राज्ये लिहून देतात. काहींनी पूर्ण बाणाचे किमान वजनही ठरवले आहे. पात्याचे वजन किती ठेवायचे, ते मात्र बहुतेक सर्वांनी बाण सोडणाऱ्यावरच सोपवले आहे.